गोदावरीत पोहता आलं पाहिजे

2027 साली गोदावरीत कोट्यवधी माणसं उतरणार आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकला सिंहस्थ आणि त्याच वर्षी खाली भद्राचलमला, राजमहेंद्रीला पुष्करम हा नदीस्नानाचा सोहळा. गुरू सिंह राशीत आला की ही नदी वरपासून खालपर्यंत माणसांनी फुलते. तयारी आधीपासूनच सुरू आहे. रस्ते, पूल, घाट, वाहनतळ, साधुग्राम अशी कामं आहेत. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला तेव्हा 2025च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर आले, ते योग्यच झालं. पण या सगळ्या गदारोळात एक साधी मागणी मागे राहते आहे आणि ती मला आग्रहाने मांडायची आहे.

सिंहस्थ उलटून गेल्यावरचा एखादा एप्रिल महिना घ्या. पर्वणी नाही, सण नाही, धरणातून मुद्दाम पाणी सोडलेलं नाही. अशा साध्या दिवशी दहा वर्षांच्या मुलाला नाशिकला, कोपरगावला, पैठणला, नांदेडला गोदावरीत सूर मारता आला पाहिजे आणि घरी जाऊन त्याला ताप किंवा खरूज होता कामा नये. गोदावरीवर होणारा प्रत्येक खर्च या एका मागणीवर पारखून घ्यावा, असं माझं म्हणणं आहे.

काहींना हे चैनीचं वाटेल. मराठवाड्यात टँकर फिरतात आणि तुम्हाला पोहायचं सुचतं, असं कोणी म्हणालं तर त्याचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्या आक्षेपाकडे मी पुढे येणारच आहे. आधी पोहण्यासाठी नदीत काय काय असावं लागतं ते पाहू. पाणी वाहतं लागतं. त्यात मैला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आंघोळीच्या पाण्याचे निकष कित्येक वर्षांपासून ठरलेले आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम, जैविक ऑक्सिजन मागणी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, विष्ठेतले जिवाणू 100 मिलिलिटरमागे 500च्या आत असणं इष्ट आणि 2500 ही शेवटची मर्यादा. शिवाय काठ उतरता लागतो, तळाशी वाळू लागते, अचानक खोल जाणारे खड्डे नकोत. हे सगळं जमलं तर माशाचं भागतं, कासवाचं भागतं, काठावरच्या विहिरीचं भागतं, खालच्या गावाच्या पाणीयोजनेचंही भागतं. घाट, कारंजी, दिव्यांच्या रांगा, कठड्यालगतचा जॉगिंग ट्रॅक यांना मात्र नदी जिवंत असण्याची गरजच पडत नाही. कोरड्या किंवा सडलेल्या पात्राकाठीही ते उभे राहतात, त्यांचं उद्घाटन होतं, छायाचित्रंही छान येतात. म्हणून नदीसाठी केलेलं काम नदीपर्यंत पोहोचलं की नाही, हे पोहण्याच्या निकषाने कळतं. सुशोभीकरणाने ते कधीच कळणार नाही.

गोदावरीकाठी माणसं फक्त पुण्य मिळवायला येत होती, असं मानायचं काही कारण नाही. हाल राजाने संकलित केलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे सातवाहनांच्या पैठणशी जोडल्या गेलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गाथांमध्ये, गोदा सतत येते. तिथे तिच्या पुराची भीती आहे, तिच्यात न्हाणाऱ्या बायका आहेत, काठावरच्या वेतांच्या जाळीत ठरलेल्या भेटी आहेत. एका प्रसिद्ध गाथेत एक बाई फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते की बाबा, आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकलं. तिला अर्थातच त्या गृहस्थाला तिथून घालवायचं आहे, कारण ती जागा तिच्या भेटीची आहे. ध्वनीची, म्हणजे शब्दांमागच्या सूचित अर्थाची, चर्चा करणाऱ्या साहित्यशास्त्रकारांनी ही गाथा शतकानुशतकं उदाहरणादाखल घेतली. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ऐकणाऱ्याला ती थाप खरी वाटू शकेल इतकी दाट झाडी गोदेच्या काठावर होती. भक्ती, प्रेम, भीती आणि श्वापदं एकाच काठावर नांदत होती.

त्याहून मागे जायचं तर प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली सापडलेली कांस्यशिल्पं आहेत. गाडी हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. ज्याने तो गेंडा घडवला त्याने तो पाहिला होता की ऐकला होता हे सांगता येणार नाही, पण गोदावरीच्या खोऱ्यातल्या त्या वसाहतीत गेंड्याची आकृती कोणाच्या तरी घरी होती. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी. ई. पिल्ग्रिम या भूगर्भशास्त्रज्ञाने गोदावरीच्या जुन्या गाळात मिळालेल्या प्राचीन, आज नामशेष झालेल्या हत्तीच्या अवशेषांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा गाळ आज आपण ट्रॅक्टरने भरून नेतो.

इतिहासातली आणखी एक जागा मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे पैठणचं वाळवंट. दुपारच्या तापलेल्या वाळूत रडणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला संत एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं, ही कथा महाराष्ट्रात प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. ती घडते कुठे, तर नदीच्या वाळूत. घरात, मंदिरात, विहिरीवर ज्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं जाई ती माणसं निदान एकमेकांच्या नजरेस पडतील अशी उघडी जागा ती वाळू होती. नाथषष्ठीला दिंड्या आजही पैठणला येतात. वाळवंट मात्र किती उरलं आहे?

आता 2016 हे एकच वर्ष घ्या. त्या उन्हाळ्यात नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं. ज्या कुंडात देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात तिथे टँकरने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मांजरेच्या, म्हणजे गोदावरीच्याच उपनदीच्या खोऱ्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. आणि ऑगस्ट उजाडताच त्याच नाशिकमध्ये पूर आला. नाशिककर पूर मोजतात तो पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं असं म्हणत. त्या ऑगस्टमध्ये मारुती जवळजवळ बुडाला. चार महिन्यांत एकाच जागी कोरडं कुंड आणि बुडालेला मारुती. पाऊस लहरी आहे हे खरं, पण या टोकाला आपलाही हातभार आहे. झाडी गेलेल्या ब्रह्मगिरीच्या उतारांवरून पाणी आता थांबत नाही. पात्रात काँक्रीट ओतलं की खालचे झरे गुदमरतात आणि वरचं पाणी वेग घेतं. नाशिकच्या पात्रातली प्राचीन कुंडं अशीच सिमेंटखाली गेली, आणि ते काँक्रीट काढा असं म्हणणाऱ्या नागरिकांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. काही ठिकाणी ते फोडलं गेलं. सगळं फोडायला हवं.

नदीत पाणी का नाही याचं उत्तर मात्र काँक्रीटपेक्षा मोठं आहे. गोदावरी 1,465 किलोमीटर लांब, गंगेखालोखाल देशातली सर्वात लांब नदी. तिचं खोरं तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. पण महाराष्ट्रातली वरची गोदावरी ही पावसाळा सोडला तर धरणांची आणि कालव्यांची व्यवस्था आहे. वर गंगापूर आहे, दारणा आहे. खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून ब्रिटिश काळापासूनचे डावा आणि उजवा कालवा निघतात आणि कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांत जातात. त्या कालव्यांनी तो मुलूख पालटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, आणि उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्याखाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल अशी बंधाऱ्यांची माळ, ती नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत. पावसाळा सरला की नदी उरते ती एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत.

या पाण्याच्या वाटपासाठी आपण मोठी न्यायव्यवस्था उभी केली आहे. 1980 साली गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. 2005 साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्याआधारे 2014 साली आदेश निघाला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या 65 टक्के पाणी नसेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. दर तुटीच्या वर्षी त्यावरून आंदोलनं होतात, याचिका होतात, आणि ही टक्केवारी बदलावी की नाही हा वाद अजून चालू आहे. मराठवाड्याची बाजू मला न्याय्य वाटते. वरच्याने अडवलं म्हणून खालच्याने तहानलेलं राहावं, हे कोणत्याही खोऱ्यात चालू देता कामा नये. तरी या हिशेबात कोण कोण आहे ते पाहा. शेतकरी आहे, शहर आहे, कारखाना आहे, साखर कारखाना तर आहेच. नदी नाही. वरून सोडलेलं पाणी ज्या पात्रातून पैठणला जातं ते पात्र या हिशेबात फक्त पाणी गळणारी वाट आहे. वाटेत जे जिरतं त्याला वहनतूट म्हणून दोन्ही बाजू हळहळतात. ते जिरलेलं पाणी काठच्या विहिरींत गेलं, वाळूत राहिलं, कासवाच्या डोहात गेलं याची नोंद कोणी घेत नाही.

धरणाच्या पायथ्याशी नदीसाठी म्हणून पाणी सोडणं अव्यवहार्य आहे, असं सांगितलं जातं. मग बाभळीचं काय? धर्माबादजवळच्या या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा एकत्रित आंध्र प्रदेश यांच्यात वर्षानुवर्षं भांडण होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013 मध्ये निकाल दिला. त्यानुसार दरवर्षी 1 जुलैला बाभळीचे दरवाजे उघडतात, 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडलं जातं. तारीख ठरली, आकडा ठरला, दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या साक्षीने ते घडतं. म्हणजे गोदावरीवर, आपल्याच राज्यात, तारखेने पाणी सोडता येतं. गंगेच्या बाबतीत तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये अधिसूचनाच काढली: हरिद्वारपर्यंतच्या वरच्या भागात नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मे मध्ये 25 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के. ते आकडे पुरेसे आहेत का यावर मतभेद आहेत, पण नदीचा स्वतःचा वाटा असतो हे सरकारने कागदावर मान्य केलं. जिला आपण दक्षिण गंगा म्हणतो आणि काठची माणसं नुसतं गंगाच म्हणतात, तिच्या वाट्याला असा कागद यायला हवा.

आता तहानेचा आक्षेप. नाशिकखालच्या पात्रात डिसेंबर ते जून असे 200 दिवस सतत 100 क्युसेक पाणी वाहतं ठेवायचं म्हटलं तर किती लागेल? एक क्युसेक म्हणजे दिवसाला 86,400 घनफूट. गुणाकार केला तर उत्तर सुमारे 1.73 टीएमसी येतं. 100 क्युसेक हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, नेमका आकडा जलशास्त्र आणि जीवशास्त्र जाणणाऱ्यांनी मिळून ठरवावा. पण प्रमाण लक्षात घ्या. नाथसागराच्या उपयुक्त साठ्याच्या तुलनेत हे पाणी अडीच टक्क्यांच्या आत आहे. आणि ते नाहीसं होत नाही. ते नांदूर मध्यमेश्वरला पोहोचतं, तिथून कालव्यात घ्यायचं तर घेता येतं, पुढे जाऊ दिलं तर पैठणला मिळतं. आज आपण तेच पाणी एकदम, आठवड्याभराच्या आवर्तनात, बंदोबस्तात सोडतो. ते विभागून सोडलं तर जिरण्याचं प्रमाण वाढेल, हा खरा तोटा आहे आणि तो मान्य करून हिशेबात घ्यायला हवा. मात्र उसाला बारमाही भिजवण पाणी देताना जो हात कधी आखडला नाही, त्याने नदीला दोन टक्के देताना तहानेचं नाव पुढे करू नये. ठिबकवर गेलेला ऊस आणि वाहती नदी दोन्ही एका खोऱ्यात मावतात.

दुसरं पाणी शहरातूनच येतं. नळाने घरात आलेल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असं गृहीत धरूनच मलनिस्सारणाची आखणी होते. म्हणजे उन्हाळ्यात नाशिकखालची गोदावरी बऱ्याच अंशी नाशिकच्याच घरांमधून आलेली असते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे शुद्धीकरण केंद्रं आहेत. नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांसारख्या उपनद्यांमधून जे थेट मिसळतं ते या केंद्रांना चुकवून येतं. खरं काम जमिनीखाली आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडतं, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. शेवटची गटार जोडणं, पावसाळी नाल्यात शिरलेला मैला शोधणं, जुनं केंद्र नव्या मानकांवर आणणं. ही कामं पूर्ण झाली की शहरानेच नदीला दरवर्षी मोठा प्रवाह दिलेला असेल. ती झाली नाहीत तर तेच पाणी पाणवेली होऊन पुढे सरकतं आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पसरतं.

नांदूर मध्यमेश्वरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात नदीबद्दल शिकण्यासारखी याहून चांगली जागा मला माहीत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर सिंचनासाठी बांधलेला हा बंधारा. त्याच्या पोटात गाळ साचत गेला. अभियंत्याच्या नजरेने हा सरळ तोटाच. पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, लव्हाळे आणि पाणवनस्पती वाढल्या आणि थंडीत तिथे हजारो पक्षी उतरू लागले. चक्रवाक, पट्टकदंब हंस, क्रौंच, चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कधी रोहित. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतली जागा. त्या यादीत या जागेचं महत्त्व सांगताना देवळालीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या माशाचाही उल्लेख आहे. 1938 साली होरा आणि मिश्रा यांनी देवळालीहून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. तो बोटाएवढाही नाही. त्याला वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. लहान मुलाच्या पोहण्याला लागतं तेच.

ही जागा कोणी सुशोभित केलेली नाही. गाळ, पाणी आणि काठ यांना थोडी मोकळीक मिळाली एवढंच. चापडगावच्या बाजूने हिवाळी सकाळी लोक येतात, गावातली मुलं दुर्बीण हातात घेऊन पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं सांगतात, त्यांना त्यातून चार पैसे मिळतात. मनोरंजन आणि निसर्ग यांचं वैर असतं असं मानणाऱ्यांनी इथे एक चक्कर टाकावी.

संवर्धनाच्या बाजूच्या काही मित्रांशी माझा मतभेद इथेच आहे. माणूस नदीपासून जितका दूर तितकी नदी सुरक्षित, असं त्यांना वाटतं. विणीच्या काळापुरतं, ठरावीक बेटांपुरतं ते खरं आहे. नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतात, मऊ पाठीची कासवं काठच्या वाळूत. लीथच्या नावाचं दख्खनच्या नद्यांमधलं कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. मार्च ते जून या महिन्यांत अशा वाळूच्या पट्ट्यांवर कुत्रं, जीप, क्रिकेट काहीच जाता कामा नये. पण जिच्यात कोणी उतरत नाही, जिच्याकडे कोणी तोंड करून बसत नाही, ती नदी गटार झाली तर ओरडायला कोणी उरत नाही. घरांच्या पाठी नदीकडे वळल्या तेव्हापासून तिचा ऱ्हास वेगाने झाला. ज्या पिढीने पुलावरून उड्या मारल्या ती अजून गोदेसाठी न्यायालयात जाते आहे. ज्या पिढीला नदी म्हणजे कठड्यापलीकडचा वास एवढंच माहीत आहे, तिच्याकडून आपण काय अपेक्षा करणार?

आणि वाळू. वाळूमाफिया, महसूल बुडाला, तलाठ्यावर हल्ला या बातम्यांपलीकडे वाळूचा विचारच होत नाही. वाळू उपसली की पाणी धरून ठेवणारा थर जातो, अंडी घालायची जागा जाते, आणि पात्रात असे खड्डे पडतात की गुडघाभर पाण्यात चालणारं माणूस पुढच्या पावलाला बुडतं. दर उन्हाळ्यात नद्यांवर मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यावर प्रशासन फलक लावतं की पाण्यात उतरू नये. मुलं उन्हाळ्यात पाण्यात उतरणारच. खड्डे कोणी केले ते विचारा. सुरयाचं घरटं आणि मुलाचा जीव वाळूच्या एकाच थराने वाचतो.

मनोरंजनाच्या नावाने आपण आजवर काय केलं? पैठणला धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान उभारलं. एका पिढीने तिथे सहली काढल्या, कारंजी पाहिली, मग ते ओसाड पडलं आणि दुरुस्तीच्या घोषणा होत राहिल्या. शेजारी साडेतीनशे चौरस किलोमीटरचा नाथसागर, स्वतःच एक पक्षी अभयारण्य, तिथे थंडीत परदेशातून पक्षी येतात, आणि आपला सगळा जीव रंगीत दिव्यांच्या कारंज्यात. आता नव्या पिढीला साबरमतीचा नमुना दाखवला जातो. अहमदाबादच्या त्या काठावर लोक संध्याकाळी फिरायला जातात, त्यांना ते आवडतं, हे खरं आहे. पण शहरातल्या त्या पट्ट्यात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आहे, आणि खालच्या बाजूच्या साबरमतीच्या प्रदूषणाची दखल गुजरात उच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. गोदावरीला आणायला दुसरी नर्मदा कुठे आहे?

नमुनाच हवा असेल तर म्यूनिकच्या इझार नदीचा घ्यावा. तिथे 2000 ते 2011 या काळात शहरातल्या सुमारे आठ किलोमीटर पात्राचे सरळ बांधलेले काठ फोडले, पात्र रुंद केलं, दगडगोट्यांची बेटं पुन्हा होऊ दिली. पुरापासून बचाव, निसर्ग आणि लोकांचं रमणं ही तिन्ही उद्दिष्टं एकाच योजनेत होती. वरच्या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांमध्ये उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय केली. आज लोक तिथे भर शहरात पोहतात. आपल्याकडचा पाऊस वेगळा आहे, चार महिन्यांत सगळा कोसळतो, त्यामुळे ती योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण कामाचा क्रम उचलता येतो: आधी वरच्या गावांचा मैला, मग काठ मोकळा, मग माणसं.

आपल्याकडे क्रम कसा उलटला ते 2015 साली दिसलं. नद्यांपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव करणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण महाराष्ट्रात होतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राज्य सरकारने ते रद्द केलं. उद्योगांना अडचण होते, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षी सिंहस्थ होता. पर्वणीसाठी गंगापूरमधून पाणी सोडलं गेलं, कारण स्नानाला वाहतं पाणी लागतं हे सगळ्यांनाच पटलं होतं. जे साधूंना पर्वणीच्या दिवशी लागतं ते इतरांना इतर दिवशी का नको?

पूररेषांचंही तेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. या रेषा सरकवण्यासाठी शहरोशहरी जो दबाव येतो त्याच्या निम्मा दबाव जरी निळ्या रेषेतली जमीन कुरण, पायवाट, खेळायची जागा म्हणून राखण्यासाठी आला तर नदीला वेगळ्या रिव्हरफ्रंटची गरजच उरणार नाही. पावसाळ्यात ती नदीची, बाकी आठ महिने लोकांची.

सुरक्षेबद्दल मी हलकेपणाने बोलत नाही. 15 सप्टेंबर 2019ला आंध्रात कच्चुलूरूजवळ पापीकोंडलूच्या सहलीला निघालेली बोट भर पुरात उलटली आणि डझनावारी माणसं गेली. त्या दिवशी नदीला एवढा पूर असताना बोट सोडणंच चूक होतं. नदीवरची मौज ऋतूप्रमाणे चालू-बंद झाली पाहिजे आणि ते ठरवणारा माणूस तिकीट विकणारा नसावा. यासाठी माणसं बाहेरून आणायचीही गरज नाही. भोई, कोळी, भिल्ल या मासेमारी करणाऱ्या घरांना डोह, भोवरे, पाण्याचा रंग पाहून वरचा पाऊस ओळखणं हे सगळं ठाऊक आहे. धरणांनी आणि बाहेरून सोडलेल्या माशांनी त्यांची रोजी आधीच हिरावली आहे. जीवरक्षक, नावाडी, पक्षी दाखवणारे वाटाडे म्हणून पहिला हक्क त्यांचा असावा, पगारी आणि पक्क्या नोकरीचा.

मग 2027 च्या आधी नेमकं काय मागायचं? नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड अशा ठिकाणी पाण्याची आंघोळीच्या निकषांवर तपासणी व्हावी आणि तिचा आकडा घाटावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत लागावा, पेट्रोलचा दर लागतो तसा. आकडा वाईट असेल तरी लागावा, विशेषतः वाईट असेल तेव्हा. पात्रातलं उरलेलं काँक्रीट निघावं. नव्या घाटांचा एकही दगड पात्रात सरकू नये. नदी नियमन क्षेत्राचं धोरण, त्यातल्या त्रुटी दुरुस्त करून, परत यावं. आणि दरवर्षी 15 ऑक्टोबरला धरणांतले साठे मोजून कोणाला किती हे ठरतं, त्या तक्त्यात शेती, पिण्याचं पाणी आणि उद्योग यांच्या खाली नदीची एक ओळ असावी, तिच्यापुढे महिनावार क्युसेक लिहिलेले असावेत आणि ते सुटले की नाही हे तपासायची जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्याची असावी. ही ओळ घालायला नवं धरण लागत नाही. त्या तक्त्यावर सही करणाऱ्यांना त्यांच्या मतदारांनी ती मागितली पाहिजे, नाशिकच्या आणि मराठवाड्याच्या मतदारांनी एकत्र.